पैसे घेऊन खेळणारा कय्युम

गेल्या महिन्यात आमच्या कय्युमचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि काचेचं एक जड काहीतरी त्याच्या हातात देण्यात आलं. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक गळा काढून म्हणाले, "कय्युमभाईंनी आयुष्यात कधी पैशाकडं बघून कबड्डी खेळली नाही! निव्वळ हौस, निव्वळ निष्ठा!" टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. दोन्ही गुडघ्यांवर हात दाबून उठलो आणि ओरडलो, "साफ खोटं आहे!"

सगळे माना वळवून बघायला लागले. माझ्या बायकोनं, साळूनं, माझा सदरा मागून ओढला. स्टेजवरचा कय्युम मात्र गालात हसत होता. माईकपाशी वाकून म्हणाला, "बोलने दो उसकू. साठ वर्षांत त्याचं तोंड मलाच बंद करता आलं नाय, तुम्ही काय करणार?"

मी बोलायला लागलो, पण दोन मिनिटांत माईक काढून घेतला. पुढाऱ्यांना अर्धा अर्धा तास देतात, पण ते असो. जे तिथं राहिलं ते इथं लिहितो. कय्युम पैसे घेऊनच खेळायचा. दिवसाढवळ्या, चार लोकांसमोर, स्वतःच्या नावानं. या जिल्ह्यात खेळाला धंदा म्हणणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस. आणि त्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त अभिमान याच गोष्टीचा वाटतो.

माझा नातू अमेरिकेत असतो. तिथं एक खेळ आहे, चेंडू काखेत मारून पळतात, एकमेकांना आडवं पाडतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात. म्हणोत बापडे. नातू सांगत होता, त्या खेळात सुरुवातीला जे पैसे घेऊन उतरायचे, त्यांतले कितीतरी खोटं नाव सांगून खेळायचे, कारण पैसे घेणं कमीपणाचं समजायचे. मी म्हटलं, बाळा, आमच्या शहागंजात एक होता. त्यानं नाव कधीच लपवलं नाही, उलट गावोगावच्या दवंडीत ते आधी पुकारायला लावलं.

कय्युमचे वडील मुख्तारभाई बँडवाले. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे. घरात सकाळ-संध्याकाळ फुंकण्याचा रियाज चाले, त्यात कय्युम वाढला. बारा वर्षांचा होईस्तोवर त्याची छाती भात्यासारखी झाली होती. कबड्डीत एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत पलीकडं जायचं, गडी शिवायचा आणि दम तुटायच्या आत परत यायचं. आमचा दम वीस-पंचवीस आकड्यांत संपायचा. कय्युम जायचा, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरायचा, समोरच्यांना चिडवायचा आणि परत येऊन वर हसायचा. मी त्याच्याच संघात डाव्या कोपऱ्याला. घोटा धरणं माझं काम. एकदा माझ्या हातात पाय आला की तो सोडवायला पंचालाच यावं लागायचं. माझी स्तुती मीच करतोय, कारण दुसरं कुणी करत नाही.

मुख्तारभाई वारले तेव्हा कय्युम अठराचा. ओठाला फोड आला, तो बरा झाला नाही, क्लॅरिनेट सुटलं आणि मागोमाग माणूसही गेला. कय्युमला वाजवता बरं यायचं, पण बापासारखं नाही. त्याच सुमारास वैजापूरकडच्या एका गावानं जत्रेतल्या सामन्यासाठी त्याला बोलावलं. त्यानं विचारलं, "सुपारी आणली का?"

आता सुपारी म्हटलं की लोक दचकतात, बातम्यांनी तो शब्द पार नासवला. तेव्हा बँडवाल्याला लग्न सांगायचं तर रुपया आणि सुपारी हातावर ठेवायची. सुपारी घेतली की तारीख पक्की. मग दुसरा कुणी दुप्पट देवो, घरात ताप असो, नाही तर आभाळ फाटो, बाजा त्याच मांडवात वाजणार. कय्युमनं बापाच्या धंद्याचा कायदा उचलला आणि जसाच्या तसा कबड्डीला लावला. खेळल्याचे पैसे आणि येण्याजाण्याचं एसटीचं भाडं. जो आधी सुपारी देईल त्याचा मी. हरलो तरी पैसे घेणार, कारण वरात फसली म्हणून बँडवाल्याचे पैसे कुणी बुडवतं का?

लोक हसले. 'भाड्याचा गडी' म्हणाले. आमच्या शहागंज तरुण मंडळाचे आश्रयदाते नानासाहेब, ज्यांच्या कापड दुकानात मी गजानं कापड मोजायचो, ते तर म्हणायचे, "खेळ आणि देवाचा प्रसाद विकायचा नसतो." नानासाहेब स्वतः काहीही विकायचे, पण प्रसाद नाही, हे खरं. कय्युम ऐकून घ्यायचा. कन्नड, सिल्लोड, पैठण, जिथून सुपारी येईल तिथं जायचा. त्याचं नाव पुकारलं की आसपासच्या वाड्यांवरून बैलगाड्या निघायच्या. आईचं, दोन बहिणींचं घर त्याच्या दमावर चालायचं.

आमच्या मंडळाकडून मात्र तो फुकट खेळायचा. सुपारी-बिपारी काही नाही. कोपऱ्यावरून हाक मारली की आला. घरच्या माणसाला कुणी सुपारी देतं का? असं आम्ही म्हणायचो. आमची चूक झाली ती इथंच.

साल एकोणीसशे सत्तर. शहराबाहेर चिकलठाण्याकडं कारखाने उभे राहायला लागले होते. त्यातल्या एका कारखान्यानं कबड्डीचा संघ काढायचं ठरवलं आणि आमखास मैदानावर जिल्ह्याच्या स्पर्धा ठेवल्या. दवंडी फिरली की जिंकणाऱ्या संघातले चार गडी कारखाना कायमचे नोकरीत घेणार. पगार, रजा, दवाखाना, सगळं. नियम एवढाच, की प्रत्येक संघाला बाहेरचा एकच गडी घेता येईल.

मला ती नोकरी हवी होती, आणि का हवी होती तेही सांगतो. कन्नडच्या एका मुलीशी माझं लग्न ठरत होतं. ठरत होतं म्हणजे, मुलीच्या वडिलांनी, कारभारी आण्णांनी, तोंडावर सांगितलं होतं, "दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडणाऱ्याला मी पोरगी देणार नाय. दिवाळीपत्तोर नोकरी दाखवा, न्हाई तर दुसरं स्थळ हाय." मुलगी मी एकदाच पाहिली होती. ती चहाचा कप ठेवताना माझ्या सोललेल्या कोपरांकडं बघून हसली होती. तेवढ्यावर मी पागल झालो होतो.

नावं द्यायच्या दिवशी मी कय्युमच्या घरी गेलो. म्हटलं, "चल, तुझं नाव टाकून येतो." तो अंगणात पायाला तेल चोळत होता. चोळायचा थांबला.

"बद्री, त्या तारखेची सुपारी घेतली मी."

"कुणाची?"

"सोनवाडीची. गंगापूरकडं, नदीकाठी. ह्याच स्पर्धेसाठी कडूबा म्हणून एक जण आला होता. पंधरा दिवस झाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोनवाडी! सहा ऊसवाले शेतकरी आणि एक ढेकळांचं मैदान. "अरे, ही आपल्या गावची स्पर्धा आहे! आपलं मंडळ आहे!"

"हौ. पण तुम्ही विचारलंच नाय."

"तुला विचारायचं? तू घरचा!"

"घरचाच आहे," तो म्हणाला. "पण घरच्याला पण तारीख सांगावी लागते ना रे."

मी नानासाहेबांकडं धावलो. ते पेटीतून नोटा काढून स्वतः कय्युमच्या दारात आले. शहागंजातल्या त्या गल्लीत नानासाहेब पहिल्यांदाच पायी आले असतील. म्हणाले, "सोनवाडीचं जे काही असेल त्याच्या दुप्पट घे आणि त्यांची सुपारी परत पाठव."

कय्युम काही बोलायच्या आत त्याची आई, जाहेदाबी, पदर सारखा करत उंबऱ्यात आली. "नानासाब, बैठो. चाय पिओ. पण पैसे आत ठेवा." मग माझ्याकडं वळली. "बेटा बद्री, पोलिस ॲक्शनचं, निजाम गेला ते साल तुला ठाव नाय. तू कुशीत होता, हा पण कुशीत. फुलंब्रीकडच्या एका पाटलाच्या लग्नाची सुपारी कय्युमच्या अब्बानं आधीच घेतली होती. मग ते सगळं झालं. आमचे लोक घराबाहेर पाय टाकत नव्हते. सगळे बोलले, मुख्तार, येडा हुआ क्या? रस्त्यात काय होईल? तो बोलला, सुपारी घरात पडली आहे. बाजा डोक्यावर घेतला, चार माणसं घेतली, चालत गेला."

"मग?" नानासाहेबांनी विचारलं.

"मग काय. नवऱ्याचा बाप वेशीवर उभा होता, हातात काठी. वाटेत ह्यांना कुणी हात लावू नये म्हणून सकाळपास्नं उभा होता. बोलला, तुम्ही येणार हे मला ठाव होतं." जाहेदाबीनं डोळे पुसले नाहीत, उलट तिची मान ताठ झाली. "सुपारी परत करायची असती तर त्या साली केली असती. आता कशाला?"

नानासाहेबांनी नोटा खिशात घातल्या आणि चहा न घेता गेले. मी मात्र थांबलो आणि कय्युमला नको नको ते बोललो. "तुझं ठीक आहे, तुला गावोगाव बोलावतात. माझं लग्न मोडणार आहे, माझा जन्म त्या दुकानात जाणार आहे, आणि तू एका रुपयासाठी!" शेवटी मीही तेच म्हणालो, "भाड्याचा गडी!" त्याचा चेहरा पडला. पुन्हा पायाला तेल लावायला लागला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

स्पर्धा तीन दिवस चालली. आम्ही एकेक संघ लोळवत अंतिम सामन्यात पोचलो. दुसऱ्या बाजूनं कोण आलं असेल? सोनवाडी! कय्युमनं त्या सहा शेतकऱ्यांना तीन दिवसांत काय शिकवलं होतं कोण जाणे, साखळी धरून ते भिंतीसारखे उभे राहायचे. मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं, झाडांवर माणसं, कारखान्याचे कामगार अधिकारी खुर्चीवर. शहागंज सगळं लोटलं होतं आणि सगळं आमच्या बाजूनं ओरडत होतं. कय्युमच्या बाजूनं ओरडायला कडूबाच्या गावची दोन ट्रॅक्टरभर माणसं, तेवढीच.

कय्युम पहिल्या चढाईला आला तेव्हा आमच्याच गल्लीतून आवाज उठला, "नमकहराम!" त्यानं वाकून मैदानाची माती कपाळाला लावली, जशी तो आमच्याकडून खेळताना लावायचा, आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणत आत शिरला. दोघांना शिवून गेला. आम्हीही काही कमी नव्हतो. त्याला दोनदा पकडला. गुण चढत गेले, बरोबरीत आले. पंचांनी हात वर केला. शेवटची चढाई, सोनवाडीची. बरोबरी झाली तर जादा डाव, गुण गेला तर सामना गेला.

कय्युम आला.

आता ऐका. माझ्याकडं एक हत्यार होतं, जे कुठल्याच दुसऱ्या संघाकडं नव्हतं. लहानपणापासून मी त्याच्या बाजूला उभा राहिलो होतो. त्याचा दम संपत आला की त्याचा आवाज एकदम खाली उतरायचा, क्लॅरिनेटवाला सूर सोडण्याआधी उतरतो तसा. तो उतरला की तीन पावलांत त्याला परत जावंच लागायचं. म्हणजे आवाज उतरला की झेप घ्यायची. हे मी बाकीच्यांना सांगितलं नव्हतं, ही माझी हुशारी. म्हटलं, एकट्यानं धरू आणि साहेबाच्या डोळ्यांत भरू.

तो फिरला. उजवा कोपरा, मधला, पुन्हा माझ्याकडं. माझ्या डोळ्यांत बघत होता. आवाज चालू, चालू, आणि एकदम खाली उतरला. मी झेप घेतली. घोटा दोन्ही हातांत पक्का आला. माझे गडी अजून मागंच होते, कारण त्यांना वाटत होतं की कय्युमचा दम पुष्कळ बाकी आहे.

आणि तो होताच! आवाज त्यानं मुद्दाम उतरवला होता. मला काय ठाऊक आहे ते त्याला ठाऊक होतं. पायाला मी लोंबकळलेला, तरी त्या माणसानं 'कबड्डी कबड्डी' करत मला फरफटत नेलं. एक पाऊल, दोन पावलं, माझी छाती सोलून निघाली, पण मी सोडलं नाही. तिसऱ्याला तो आडवा झाला आणि त्याची बोटं मध्यरेषेला टेकली. पंचाची शिट्टी वाजली. मी बाद. सोनवाडी एका गुणानं जिंकली.

मी तिथंच पालथा पडून राहिलो. लग्न गेलं, नोकरी गेली, हे एवढंच डोक्यात. मैदानात सोनवाडीवाल्यांनी गुलाल उधळला. कय्युमनं मला उठवायला हात पुढं केला, तो मी झिडकारला. मग कामगार अधिकारी खुर्चीवरून उठून आत आले. मला सगळं ऐकू येत होतं, दहा हातांवर तर होतो.

साहेबांनी कडूबाला विचारलं, "तुमच्यातले चार कोण येणार?"

कडूबानं डोक्याचं मुंडासं सोडून घाम पुसला. "साहेब, आमी लई खुश हाव. पर नोकरी नगं. साखर कारखान्याची ऊसतोड लागलीया, ऊस उभा हाय. आमची सहा जणं नाय येत. ह्यो पाव्हणा गडी घ्या, ह्यो सोनं हाय. त्याला व्हय म्हना."

साहेब कय्युमकडं वळले. "तुम्हाला घेतलंच. पण मला चार हवेत. हरलेल्या संघातले तुम्हाला माहीत असतीलच. बाकी तीन कोण घेऊ?"

मी कान टवकारले आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ज्याला नको ते बोललो त्याच्याकडून आता काय अपेक्षा करायची?

कय्युम म्हणाला, "मधल्या फळीतले दोघं घ्या, चांगले आहेत. पण सगळ्यांच्या आधी तो घ्या." बोट माझ्याकडं. "डावा कोपरा. आज मी वाचलो कारण त्याच्या मदतीला कुणी वेळेत आला नाय. तीन पावलं छाती घासत गेला, पण हात सोडला नाय. असा घोटा धरणारा जिल्ह्यात दुसरा नाय."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अहो साहेब, त्याचा लंगोटीयार आहे तो!"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "खरं का?"

"हौ साहेब, दोस्त आहे," कय्युम म्हणाला. त्याचा दम अजून पुरता बसला नव्हता. "पण पैसे मी सोनवाडीचे घेतलेत. आज दिवसभर मी त्याचा दुश्मन. त्याला पाडायचे पैसे घेतलेल्या माणसानं तारीफ केली, तर ती खरीच असणार ना?"

साहेब मोठ्यानं हसले आणि खिशातून पेन काढलं. मी अजून मातीतच. रडत होतो, आणि सांगायला लाज कसली, मला त्या क्षणी नोकरीचा आनंद झाला नव्हता. हा माणूस माझ्या गल्लीतला आहे, माझा आहे, एवढंच मनात येत होतं. छाती सोललेली असूनही फुगून आली होती. उठलो आणि सगळ्या शहागंजासमोर त्याच्या गळ्यात पडलो. नानासाहेब बघत होते. बघेनात का.

पुढं कय्युम त्या कारखान्याकडून सोळा वर्षं खेळला, राज्याचा बनियन अंगात घालून आला, गुडघा फिरल्यावर शिकवायला लागला. पगार घ्यायचा आणि रविवारी कुणाची सुपारी असेल तर बँडमध्येही वाजवायचा. मी आठ वर्षं खेळलो आणि मग स्टोअरमध्ये टेबलावर बसलो. पण हे नंतरचं. त्या सामन्यानंतर पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र हातात पडलं आणि मी ते घेऊन एसटीनं थेट कन्नडला गेलो.

कारभारी आण्णा ओसरीवर बसले होते. पत्र त्यांनी उलटसुलट पाहिलं, शिक्का बोटानं घासून पाहिला. साळू दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या म्हणून कळलं. आण्णांना विश्वास बसेना.

"कायमची नोकरी! कापडाच्या दुकानातून उठून! खरं सांगा जावईबापू, वशिला कुणाचा लावला?"

मी सरळ बसलो आणि म्हणालो, "ज्यानं मला हरवलं, त्याचा."